नवख्या क्वार्टरबॅकला पहिलं वर्ष शिकू द्या: एनएफएलच्या संघमालकांना खुलं पत्र

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या सर्व संघांचे मालक आणि सरव्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या, रात्री तुमच्यापैकी कुणीतरी एकवीस-बावीस वर्षांच्या एका मुलाची क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून निवड करतं आणि संघाचं पुढचं दशक आता याच्या हाती, असं जाहीर करून टाकतं. चार-साडेचार महिने जातात. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात तोच मुलगा दुबळ्या ऑफेन्सिव्ह लाइनमागे, म्हणजे त्याचं रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या फळीमागे, उभा असतो, त्याच्या कानात बोलणाऱ्या कोचची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नसते, आणि नोव्हेंबरपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलेलं असतं. हे आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो आहोत आणि आता याबद्दल बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझी मागणी सरळ आहे. पहिल्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक पहिल्या वर्षी बेंचवर बसून शिकेल, हा तुमच्याकडचा रिवाज व्हावा. त्याला लगेच उतरवायचं असेल तर तो अपवाद समजावा, आणि त्या अपवादासाठी संघ तयार आहे हे आधी तुम्ही सिद्ध करावं. आज सगळं उलटं चालतं. परीक्षा त्या मुलाची होते आणि तुमची तयारी कुणी तपासत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. जायंट्स आणि जेट्स नाव न्यूयॉर्कचं लावत असले तरी खेळतात आमच्या ईस्ट रदरफर्डला. क्रिकेटवर वाढलेल्या आमच्यासारख्या कितीतरी मराठी आईबापांना हा खेळ आमच्या इथे जन्मलेल्या मुलांनी शिकवला. आता रविवारी दुपारी एक वाजता घरातलं कुणी फोन उचलत नाही. त्या सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही, पण ज्या भाषेत आम्ही त्या सोफ्यावर बसून हळहळतो त्याच भाषेत हे पत्र लिहितो आहे.

२००५ च्या ड्राफ्टपासून सुरुवात करतो, कारण या वादातलं जवळजवळ सगळं त्या एका रात्रीत सापडतं. पहिल्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने अ‍ॅलेक्स स्मिथला घेतलं. अ‍ॅरन रॉजर्स तासन् तास वाट बघत बसला आणि चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बेला गेला. त्या रात्री भाग्यवान कोण, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी स्मिथचंच नाव घेतलं असतं. स्मिथ पहिल्याच मोसमात मैदानात उतरला. त्या मोसमात त्याच्या नावावर गुण मिळवून देणारे टचडाऊन पास १ आणि प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास, म्हणजे इंटरसेप्शन, ११. पहिल्या चार वर्षांत त्याच्या संघात चार ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे कोच, झाले. म्हणजे दरवर्षी डावपेचांचं नवं प्लेबुक, नवी परिभाषा, नव्या सवयी. आदल्या वर्षी पाठ केलेलं पुसायचं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. त्यातच खांद्याची दुखापत. त्याच्यावर 'फसलेली निवड' हा शिक्का बसला आणि तो पुसायला २०११ साल उजाडावं लागलं. जिम हार्बॉ कोच म्हणून आले, संघाने १३ सामने जिंकले आणि हा मुलगा मुळात चांगला होता हे लोकांच्या लक्षात आलं.

रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्व्हच्या मागे बसला. फार्व्हने त्याला हाताला धरून शिकवलं असं कुणी म्हणत नाही, तसा त्यांचा फारसा जिव्हाळाही नव्हता. पण त्या तीन वर्षांत त्याची फेकण्याची ढब बदलली, पायांची हालचाल घडवली गेली, आणि चुका झाल्या त्या सरावात झाल्या, लाखो लोकांसमोर झाल्या नाहीत. या कथेतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. २००६ पासून ग्रीन बेमध्ये रॉजर्सला घडवणारे हेड कोच होते माइक मॅकार्थी, आणि हेच मॅकार्थी २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्मिथचे पहिले कोऑर्डिनेटर होते. शिकवणारा माणूस एकच. एकाला तो जेमतेम वर्षभर मिळाला, तोही सामन्यांच्या धबडग्यात. दुसऱ्याला बेंचवरची दोन शांत वर्षं मिळाली आणि पुढे मैदानावरची अनेक. २००८ मध्ये रॉजर्स उतरला तेव्हा संघ मोसमात ६-१० (६ विजय, १० पराभव) असा राहिला, तरीही कुणी त्याला काढलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली.

आता याच स्मिथची पुढची गोष्ट. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने २७ व्या क्रमांकावरून १० व्यावर उडी मारली आणि पॅट्रिक माहोम्सला घेतलं. त्यांचा चालू क्वार्टरबॅक होता अ‍ॅलेक्स स्मिथ. आपली जागा घ्यायला हा मुलगा आला आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने आठवड्याची तयारी कशी करायची, बचावफळी कशी वाचायची, मंगळवारी काय बघायचं आणि शुक्रवारी काय, हे सगळं त्या मुलासमोर उघडं ठेवलं. माहोम्सने हे ऋण अनेकदा जाहीरपणे मानलं आहे. त्या वर्षी स्मिथ स्वतः पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास फेकण्याच्या गुणांकनात, साऱ्या लीगमध्ये पहिला होता, म्हणजे अँडी रीड यांनी माहोम्सला बसवलं ते त्याच्यापुढे खरोखर चांगला खेळाडू होता म्हणून. माहोम्सला अख्ख्या मोसमात एकच सामना मिळाला, डेन्व्हरमधला शेवटचा. पुढच्या वर्षी त्याने ५० टचडाऊन पास फेकले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो सप्टेंबर २०१७ मध्येच तेवढा तयार होता, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, पण ते गृहीत धरलं तरी वाट पाहिल्याने त्याचं काय बिघडलं?

बसून नेमकं काय शिकायचं, असा प्रश्न मालकांच्या खुर्चीतून नेहमी येतो. प्रत्येक प्ले, म्हणजे डाव, सुरू करायला किती वेळ उरला ते दाखवणाऱ्या प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद होतो. त्यानंतर तो मुलगा एकटा असतो. हडलमध्ये, म्हणजे आपल्या खेळाडूंच्या घोळक्यात, त्याने लांबलचक प्ले न अडखळता सांगितलेला असतो. आता समोरचा मधला लाइनबॅकर कोण हे बोट दाखवून ठरवायचं, कारण त्यावरून पुढच्या पाच जणांनी कुणाला अडवायचं ते ठरतं. ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसांचा हल्ला, डावीकडून येणार की ते नुसतं नाटक आहे, हे बचावात सर्वांत मागे उभ्या सेफ्टीच्या पावलांवरून ओळखायचं, आणि गरज पडली तर अख्खा प्ले बदलायचा. अनेक कॉलेज संघांत यातलं बरंचसं काम साइडलाइनवरचे कोच करतात. खेळाडू तिकडे बघतो, इशारा घेतो आणि खेळतो. त्यामुळे कॉलेजात ४० टचडाऊन फेकलेल्या मुलालाही हे १५ सेकंद परके असतात. ते आपलेसे व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि दर आठवड्याला नव्या प्रतिस्पर्ध्याला तोंड देणाऱ्या मुलाकडे तेवढी उसंत नसते.

यापेक्षा गंभीर गोष्ट आहे नजरेची. क्वार्टरबॅकची नजर दूर, पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हर्सवर हवी. सतत मार बसू लागला की ती जवळ येते आणि अंगावर येणाऱ्या माणसांवर खिळते. पाय वेळेआधी हलतात, हात घाई करतो, मोकळा रिसीव्हर दिसेनासा होतो. आणि एकदा लागलेली ही सवय पुढे चांगली लाइन मिळाली तरी सहज सुटत नाही.

डेव्हिड कारला आठवा. २००२ साली ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ नवाकोरा होता आणि त्यांनी पहिल्या क्रमांकावर कारला घेतलं. त्याचं रक्षण करण्यासाठी आणलेला टोनी बोसेली खांद्याच्या दुखापतीमुळे त्यांच्याकडून एकही सामना खेळू शकला नाही. हे स्पष्ट झाल्यावरही कारला सोळाच्या सोळा सामन्यांत उतरवण्यात आलं. त्या मोसमात तो ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. एका मोसमातला हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. या विक्रमाचं खापर त्या मुलाच्या माथी फुटलं, याची मला आजही चीड येते. त्याच्याकडे हात होता, धाडस होतं, कष्टाची तयारी होती. त्याला फक्त एक वर्ष आणि पाच धड माणसं हवी होती.

तुम्ही आता पेटन मॅनिंगचं नाव काढाल. काढायलाच हवं, कारण तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून तो खेळला, २८ इंटरसेप्शन्स फेकली, संघ ३-१३ असा रसातळाला गेला आणि पुढच्याच वर्षी १३-३ झाला. खेळल्याशिवाय शिकता येत नाही, असं तुम्ही म्हणता ते या उदाहरणावर. पण त्या मोसमातला आणखी एक आकडा बघा. जवळपास पावणेसहाशे वेळा पास फेकायला मागे सरूनही मॅनिंग फक्त २२ वेळा सॅक झाला. त्याच्या जोडीला चेंडू घेऊन धावणारा मार्शल फॉक होता. कोऑर्डिनेटर टॉम मूर त्याच वर्षी आले आणि इंडियानापोलिसमध्ये मॅनिंगच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याच्यासोबत राहिले. मॅनिंगला चुकायची मुभा होती आणि चुकताना त्याची हाडं शाबूत राहत होती. अशी व्यवस्था तुमच्याकडे असेल तर खुशाल उतरवा, मी टाळ्या वाजवीन.

२०२३ मध्ये त्याच ह्यूस्टनने सी. जे. स्ट्राउडला लगेच उतरवलं. त्याने ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन आणि फक्त ५ इंटरसेप्शन्स असा मोसम काढून संघाला प्लेऑफमधला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीतला, सामना जिंकून दिला. पण दुसऱ्या वर्षी लाइन कोसळली, तो ५२ वेळा सॅक झाला आणि मोसम संपताच कोऑर्डिनेटर बदलला. २०२४ मध्ये वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स आणि डेन्व्हरचा बो निक्स हे दोघेही पहिल्या सामन्यापासून खेळले आणि प्लेऑफमध्ये पोचले. या दोघांनी कॉलेजमध्ये किती सामन्यांत सुरुवात केली होती? डॅनियल्सने ५५, निक्सने ६१. त्यांची उमेदवारी कॉलेजातच झाली होती. उलट अँथनी रिचर्डसनला २०२३ मध्ये इंडियानापोलिसने चौथ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा त्याच्या गाठीशी कॉलेजातली फक्त १३ स्टार्ट्स होती. तरीही तो पहिल्याच सामन्यात उतरला, चार सामन्यांत खांदा जायबंदी झाला, आणि पुढच्या मोसमात त्याला काही काळ जो फ्लॅकोच्या मागे बसवण्यात आलं. जे आधी करायला हवं होतं ते शिक्षा म्हणून नंतर केलं गेलं. दोन्हींत मुलगा बेंचवरच बसतो, पण पहिल्यात तो शिकत असतो आणि दुसऱ्यात आपलं काय चुकलं याचा विचार करत असतो.

कॅरोलायनाने ब्राइस यंगचं नेमकं हेच केलं. २०२३ चा पहिला क्रमांक, ६२ सॅक, संघ २-१५. ज्या फ्रँक राइख यांच्या भरवशावर त्याला उतरवलं त्यांना ११ सामन्यांनंतर घरी पाठवलं. २०२४ मध्ये नवा कोच आला आणि दोन सामन्यांत यंग बेंचवर. महिनाभराने अँडी डाल्टनला दुखापत झाली म्हणून यंग परतला आणि दिसायला लागला तो वेगळाच खेळाडू. त्या महिन्यात त्याच्यात नवी ताकद आली नव्हती. खेळ जरा दुरून बघायची सवड मिळाली होती.

बेंच म्हणजे जादू आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. ट्रे लान्सचं उदाहरण माझ्या बाजूच्या लोकांना अडचणीचं वाटतं, म्हणून ते मीच मांडतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये त्याच्यासाठी पहिल्या फेरीतल्या निवडींची रास ओतली आणि वर्षभर त्याला जिमी गॅरोपोलोच्या मागे बसवलं. त्याआधीच्या वर्षी, साथीमुळे, तो कॉलेजात एकच सामना खेळला होता. म्हणजे बसून शिकण्याइतका खेळच त्याच्या गाठीला नव्हता. २०२२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकलं. लान्सला हवे होते सामने, कमी महत्त्वाचे पण खरे सामने. आणि ते द्यायला तुमच्या लीगकडे जागाच नाही.

ही उणीव आम्हा भारतीयांना लगेच खुपते. सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी खेळला हे सगळे सांगतात, पण त्याच्या आदल्या वर्षी तो मुंबईकडून रणजी पदार्पणात शतक ठोकून आला होता. तुमच्याकडे रणजीच नाही. एकेकाळी एनएफएल युरोप ही धाकटी लीग होती. कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमकडून खेळला आणि १९९९ च्या मोसमात सेंट लुइसला त्याने सुपर बोल जिंकून दिली. २००७ मध्ये तुम्ही ती लीग बंद केली. त्यात खेळाडू संघटनेशी झालेल्या २०११ च्या करारानंतर मोसमातले पॅड घालून होणारे सराव १४ वर आले आणि २०२१ पासून प्रीसीझनचे, म्हणजे मोसमाआधीचे, सामने तीनच उरले. खेळाडूंच्या शरीराचा विचार करता हे योग्यच झालं, मी त्याविरुद्ध नाही. पण आठवड्याच्या सरावातले बहुतेक प्ले स्टार्टरच घेतो, आणि बेंचवरचा मुलगा पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करत आपल्याच बचावफळीला सराव देतो. मग तो शिकणार कधी? तेव्हा खेळाडू संघटनेशी बसा आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या क्वार्टरबॅकांसाठी आठवड्यातून एक वेगळं, बिनपॅडचं सत्र ठरवा, ज्यात त्याला आपलंच प्लेबुक आपल्याच तरुण रिसीव्हर्ससोबत खेळता येईल. वसंतात यूएफएल ही छोटी लीग चालते. पहिल्या क्रमांकाचा मुलगा दुखापतीच्या भीतीने तिथे जाणार नाही हे उघड आहे, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीतल्या मुलांसाठी तरी त्यांच्याशी करार करा.

या घाईमागे पैसा आहे हे आम्हालाही कळतं. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. २०११ मध्ये नियम बदलले आणि कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. तेव्हापासून पहिल्या कराराची वर्षं म्हणजे स्वस्तातला क्वार्टरबॅक, आणि त्यातलं एक वर्ष बेंचवर घालवणं म्हणजे नुकसान, असा हिशेब तुमच्या कचेऱ्यांत पक्का झाला. तो हिशेब कॅन्सस सिटीवर लावून बघा. त्यांनी माहोम्सचं एक स्वस्त वर्ष 'वाया' घालवलं आणि तरी फेब्रुवारी २०२० मध्ये, तो पहिल्याच करारावर असताना, सुपर बोल जिंकली. आता लान्स, रिचर्डसन यांच्यावर गेलेल्या निवडी आणि करार मोजा. महाग काय पडतं ते तुमचेच हिशेबनीस सांगतील.

आणि ग्रीन बेकडे बघा. त्या संघाला एक मालक नाही, गावातल्या आणि देशभरातल्या सामान्य भागधारकांचा तो संघ आहे. आकाशातल्या काचेच्या खोलीत बसून 'आज तो मुलगा का खेळत नाही' असं विचारणारा तिथे कुणी नाही. रॉजर्सनंतर २०२० मध्ये जॉर्डन लव्हला घेऊन त्यांनी पुन्हा तीन वर्षं थांबायचं ठरवलं, साऱ्या देशाने नावं ठेवली तरी. २०२३ मध्ये तो उतरला आणि पहिल्याच मोसमात संघाने डॅलसला त्यांच्याच मैदानावर प्लेऑफमध्ये ४८-३२ ने हरवलं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. घाई बहुतेकदा कोचच्या खोलीत जन्मत नाही, ती वरून येते, आणि म्हणूनच हे पत्र कोचना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

आमच्या न्यू जर्सीच्या मैदानाने दोन्ही वाटा बघितल्या आहेत. २००४ मध्ये एली मॅनिंगने पहिले नऊ सामने त्याच कर्ट वॉर्नरच्या मागे बसून काढले. मग उतरला, सातपैकी सहा सामने हरला, पण टॉम कॉफलिन कोच म्हणून राहिले आणि त्या दोघांनी जायंट्सला दोन सुपर बोल मिळवून दिल्या. २०१८ मध्ये जेट्सने सॅम डार्नल्डला एकविसाव्या वर्षी पहिल्याच सामन्यात उतरवलं. वर्षभरात कोच गेले, दुसरे आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-० अशी धूळधाण होत असताना 'मला भुतं दिसतायत' हे त्याचं बोलणं माइकवर पकडलं गेलं आणि साऱ्या देशाने ते चेष्टेवारी नेलं. बाविशीतल्या मुलाची ती भेदरलेली नजर मी विसरू शकत नाही. पुढे कॅरोलायनातही जमलं नाही. २०२३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॉक पर्डीच्या मागे वर्षभर बसला. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासोबत १४ सामने जिंकले. फेब्रुवारी २०२६ मध्ये सिअ‍ॅटलने सुपर बोल जिंकली तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक डार्नल्ड होता. समोर होता न्यू इंग्लंडचा ड्रेक मे, ज्याला पहिल्या वर्षी पहिल्या पाच सामन्यांत जेकोबी ब्रिसेटच्या मागे ठेवलं होतं. डार्नल्डला जे बेंचवरचं वर्ष सहाव्या मोसमात मिळालं ते पहिल्यात मिळालं असतं, तर मधली वर्षं त्याला अशी काढावी लागली नसती.

आम्हा प्रेक्षकांचाही यात वाटा आहे. तिसऱ्या पराभवानंतर नवख्याच्या नावाचा गजर आम्हीच सुरू करतो, आणि तो तुमच्या काचेच्या खोलीपर्यंत पोचतो. तो थांबवायचा एकच उपाय मला दिसतो. जुलैच्या शेवटी कॅम्प सुरू होण्याआधी ज्या संघाने पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेतला आहे त्याच्या मालकाने स्वतः पत्रकारांसमोर बसावं. यंदा हा मुलगा खेळणार की शिकणार, शिकणार असेल तर कुणाच्या हाताखाली, आणि हेड कोच व कोऑर्डिनेटर किमान दोन मोसम राहतील की नाही, हे सांगावं. खेळणार असेल तर त्याच्यापुढची पाच माणसं कोण, तेही नावांनिशी सांगावं. मग ऑक्टोबरमध्ये संघ ०-४ असला तरी तो शब्द पाळावा. तिकिटाचे पैसे आम्ही तेव्हाही भरू, आणि माझ्या आसपासच्या रांगेत कुणी त्या मुलाच्या नावाने ओरडू लागलं तर त्याला मी तुमच्या घोषणेची आठवण करून देईन.

कळावे,

आपला,
ईस्ट रदरफर्डच्या वरच्या रांगेतला एक मराठी फुटबॉलप्रेमी